विजयमाला हा राखीव शब्द आहे

३ जानेवारी, शुक्रवार

रुचिका म्हणे, मावशी, एक वही कर. रोज कुठं अडलं, कायचा राग आला, ते लिहून ठेव. मले बरं वाटावं म्हणून गोड लिहू नको. मी म्हणलं, मी कधी कोणाले बरं वाटावं म्हणून बोलली का व? हासली.

तं हे वही. आधीची चार पानं तिच्या शाळेतल्या गणितायची आहेत, ती फाडली नाहीत.

रुचिका माह्या नवऱ्याची पोरगी. पोटची नाही. तिची माय मेली तवा ती तीन वर्षांची होती, साल भरायच्या आत मी या घरात आली. आता पंचवीसची आहे. पुण्यात कम्प्युटरच्या कंपनीत होती, दोन वर्षं झाली घरूनच काम करते. उरलेल्या वेळात ती अन् तिच्या दोन मैत्रिणी मिळून कम्प्युटरले हुकूम द्यायची एक भाषा बनवून राह्यल्या. नाव ठेवलं पेरा. बाकीच्या भाषा इंग्रजी शब्दायच्या, हे आपल्या. खेड्यातल्या लेकरायले इंग्रजी यायच्या आधी कम्प्युटर यावा म्हणून. चार वर्षांपासून चालू आहे. दर दोन-चार महिन्यानं नवी आवृत्ती काढतात, शब्द बदलतात, फोनवर भांडतात. पंधरा फेब्रुवारीले पक्की आवृत्ती रिसोडकडच्या शाळेले देणार. त्याच्या आधी त्यायले असं माणूस पाहिजे होतं ज्याले काहीच येत नाही. ते मी. चवथी पास.

"तुले समजलं तं कोणालेबी समजन," म्हणे.

"हे कौतुक आहे का शिवी?"

"दोन्ही."

पहिला हुकूम शिकली. दाखव "भाकर झाली". दाबलं तं पडद्यावर आलं, भाकर झाली. मी म्हणलं, खोटं आहे, पीठ अजून मळायचं आहे. म्हणे मशीनले ते समजत नाही, सांगतलं तेवढं करते. असा एक नवरा पाहिजे होता.

७ जानेवारी, मंगळवार

आज डबे. मशीनमंधी काही ठेवायचं असलं तं डबा करायचा अन् डब्यावर नाव टाकायचं. नंतर नाव घेतलं का डबा आतलं सांगते. नावाचे कायदे आहेत. मधात जागा सोडायची नाही, दोन शब्द असले तं खालची रेघ मारून जोडायचे. आकड्यानं सुरू करायचं नाही. अन् आत जे आहे तेच नाव द्यायचं, उगाच काहीबी नाही.

मी म्हणलं, हे काय शिकवायची गोष्ट आहे? हळदीच्या डब्यावर मीठ लिहून ठेवलं अन् भाजी बिघडली, तं डब्याचा दोष का? लिहणाऱ्याचा.

यावर रुचिका माह्याकडं पाहतच राह्यली. माह्या गळ्याकडं. मी म्हणलं, काय आहे? म्हणे काही नाही.

अजून एक कायदा. काही शब्द भाषेनं स्वतःसाठी ठेवून घेतले. जर, नाहीतर, जोवर, दाखव. ते डब्याले देता येत नाहीत. त्यायले राखीव शब्द म्हणतात. एसटीत बायकायची सीट असते तसं, फक्त इथं कोणी दांडगा येऊन बसत नाही. मी पण माह्या नवऱ्याचं नाव घेत नाही, या वहीतबी लिहणार नाही. म्हणजे तेबी राखीवच म्हणा.

९ जानेवारी, गुरुवार

तुरीचं काम चालू. आज मशीनपाशी बसली नाही. पण एक लिहते.

माही सासू जमनाबाई, ऐंशीच्या पुढची. दुपारी तिले आंघोळ घालून अंगणात बाजेवर बसवली. बुढी दिवसभर हाक मारते. विजे. विजे व. काम काही नसते. पाणी पाहिजे का, विचारलं तं नको. मंग कायले बोलावलं? म्हणे, हायेस का पाहलं. लोकायले वाटते म्हातारपणाचं आहे. म्हातारपणाचं नाही. मी नवी नवरी होती तवापासून असंच.

आज उलटं झालं. मी भांडे घासत होती अन् कडब्याच्या गंजीकडून हाक आली. आत्याबाई. बाईचाच आवाज. मले वाटलं शेजारची कोणी गंजीमागून येऊन राह्यली. हात धुवून गेली तं कोणी नाही. बुढी डोळे मिटून पडलेली, पण बाजेच्या दोऱ्या दोन्ही मुठीत घट्ट धरलेल्या.

मंग ध्यानात आलं. बुढीले आत्याबाई म्हणणारी या घरात मी एकटीच आहो.

१२ जानेवारी, रविवार

तिघी फोनवर तासभर भांडल्या. एक काम पुन्हा पुन्हा कराले लावायचं तं शब्द कोणता, जोवर का जोपर्यंत. सुकेशनी नावाची आहे एक, पुण्याची, ती म्हणे जोपर्यंतच शुद्ध. रुचिका म्हणे लांब आहे, लेकरं चुकतीन. शेवटी मले विचारलं. मी म्हणलं, जोवर ठेवा, मले लिहता येते. अन् मशीनले कर, ठेव, दाखव असंच म्हणायचं, करा-ठेवा नाही. मशीनले अहो-जाहो कायले? सुकेशनी हासली. म्हणे मावशी, तुम्ही आम्हाला चार वर्षांपूर्वी का नाही भेटलात?

चार वर्षांआधीबी मी इथंच होती. कोणी विचारलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आधी तिले हळदकुंकू लावलं, मंग बाकीच्यायले. तिले म्हणजे माह्या गळ्यातल्या टाकाले. रुपयाएवढा आहे, चांदीचा, त्यावर बाईचं तोंड ठोकलेलं. पहिली मेली अन् दुसरी आणली का पहिलीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालतात, तिनं घरात फिरून त्रास देऊ नये म्हणून. नवी साडी आधी तिले लावायची, मंग आपण नेसायची. हे सगळ्याच दुसऱ्या बायकायचं असते, त्याचं मले काही नाही.

माह्या बाबतीत एक जास्तीचं झालं. लग्नात ताटातल्या तांदळात नवरीचं नवं नाव लिहतात. बुढी म्हणे, विजयमाला लिहा. ते मेलेलीचं नाव. माह्या मायनं मान वर केली, पण भरल्या मांडवात कोण बोलन? मंग रेशनकार्ड तिचंच चाललं. मतदानाचं कार्ड तिचंच. पुढं आधारबी त्यावरूनच निघालं. तिच्या मरणाची कुठं नोंदच नाही केली, नव्या बाईचे नवे कागद कायले काढत बसायचे म्हणून. कागदावर मी एकोणपन्नासची आहो. खरी त्रेचाळीस. वरची सहा वर्षं तिची.

टाक आज भर उन्हात थंडगार होता. चांदी आहे, असन.

१७ जानेवारी, शुक्रवार

काल चांगला चाललेला माहा प्रोग्राम आज लाल झाला. 'माप' नावाचा डबा केला होता, त्यात तुरीचे किती कट्टे भरले ते. सकाळी रुचिकानं नवी आवृत्ती घातली अन् मशीन म्हणे, माप हा राखीव शब्द आहे, दुसरं नाव द्या.

मी म्हणलं, "काल माहा होता."

"आज भाषेले लागला, मावशी."

"मले विचारलं का?"

"त्याचंच तं भांडण असते," म्हणे. भाषा वाढली का तिले नवे शब्द लागतात. पण लोकायनं ते शब्द आधीच आपल्या डब्यायवर टाकलेले असतात, त्यायचं चालू काम मोडते. म्हणून पक्की आवृत्ती निघायच्या आधीच पुढं लागणारे शब्द अडवून ठेवायचे. आज काम नसलं तरी. एकदा शाळेत गेली का मंग नवा शब्द राखता येत नाही. राखलेला मात्र कधीबी सोडता येते.

"अन् एखादा जुना शब्द काढून टाकायचा असला तं?"

"त्याले एकदम नाही मारत. एक आवृत्ती चालू द्यायचा, पण त्याच्या खाली पिवळी पट्टी दाखवायची. का हे नाव आता जाणार आहे, सवय सोडा."

हे मले पटलं. माणसायनंबी पाळावं.

२० जानेवारी, सोमवार

अक्षर कसंही आलं तं येऊ दे.

दुपारी रुचिका दार लावून कंपनीच्या मीटिंगमंधी होती. मी दुसऱ्या मशीनवर घरच्या माणसायचे डबे करत होती, ज्याच्या त्याच्या वयाचे. जमनाबाई, ऐंशी. रुचिका, पंचवीस. यायचं नाव नाही लिहलं, रुचिकाचे_बाबा लिहलं, खालची रेघ मारून. मंग माहा. विजयमाला लिहलं. एकोणपन्नास टाकू का त्रेचाळीस, यात जरा थांबली. त्रेचाळीस टाकलं. दाबलं.

लाल. विजयमाला हा राखीव शब्द आहे. दुसरं नाव द्या.

पुसलं, पुन्हा लिहलं. तेच. तिसऱ्यांदा एकेक अक्षर पाहून लिहलं. तेच.

गळ्यात टाक हालला. मी हालली नव्हती.

तेवढ्यात अंगणातून बुढी, विजे. माही ओ निघेना. पुन्हा म्हणे, विजे व. मंग दिली.

गळ्यात बसली होती, रेशनकार्डात बसली होती, आता मशीनमंधीबी जाऊन बसली. मी तिचं काय केलं? तिची पोरगी वाढवली. तिच्या सासूचं हागणंमुतणं काढून राह्यली. अजून काय पाहिजे तिले?

२२ जानेवारी, बुधवार

दोन दिवस रुचिकाशी बोलली नाही. आज ती सैपाकघरात आली, म्हणे तू लाल पट्टी पाहली, मशीनमंधी नोंद आहे. मी मिरच्यायचे देठ मोडत होती.

"तू टाकलं का ते?"

"टाकलं. पहिल्याच दिवशी. जर अन् नाहीतरच्याबी आधी."

"काय काम करते तो शब्द?"

"काहीच नाही. नुसता राखला."

"कायले?"

"त्यात कोणी दुसरं काही ठेवू नये म्हणून."

मले लागलं ते. मी म्हणलं, "सरळ बोल. दुसरं काही म्हणजे मी."

"मावशी, तुले नाही म्हणून राह्यली मी."

"मंग कोणाले? त्या डब्यात आजवर मलेच ठेवलं आहे."

रडाले लागली. मले पोरीचं रडणं सहन होत नाही, लहान होती तवाबी नव्हतं होत, मी एक रपाटा देत होती अन् मंग मीच जवळ घेत होती. आज तसं करता येईना. ती म्हणे, मागच्या साली आईच्या मरणाचा दाखला काढाले गेली होती. खिडकीतला माणूस कम्प्युटरमंधी पाहून म्हणे, ताई, ह्या तं जित्या आहेत, मागच्या महिन्यात यायनं रेशन उचललं.

"ती कुठंच मेली नाही, मावशी. मंग ती आहे कुठं?"

मंग नाक पुसून म्हणे, "तुहं पहिलं नाव काय होतं?"

लहानाची मोठी झाली माह्या हातात, आज विचारलं. मी म्हणलं, मिरच्या संपल्या, दुकानातून आण. नाही सांगतलं. कायले सांगू? उद्या तेबी राखून ठेवतीन.

२६ जानेवारी, रविवार

फोन स्पीकरवर होता. सुकेशनी म्हणे, "रुचिका, काम नसलेला शब्द असा अडवून ठेवणं चूक आहे. उद्या वर्गात विजयमाला नावाची मुलगी असली, तर तिला स्वतःच्या नावाचा डबा करता येणार नाही. तिला काय सांगायचं आपण? तुझ्या आईचं मला वाईट वाटतं, पण भाषा म्हणजे देव्हारा नाही."

रुचिका म्हणे, "मावशी सांगन. नाव तिच्यापाशी आहे. ती म्हणन तं काढू."

दोघी माह्या तोंडाकडं. म्हणजे एक तोंडाकडं, एक फोनमंधून. मी म्हणलं, "काढ."

सुकेशनीनं श्वास सोडलेला ऐकू आला. रुचिका नुसतं बरं म्हणे. म्हणे नऊ तारखेले राखीव शब्दायची यादी बंद होते. तोवर विचार कर, एकदा सोडला अन् शाळेत गेला, का मंग परत राखता येणार नाही.

मी विचार करत नसते. काढ म्हणलं म्हणजे काढ.

दुपारून पुन्हा गंजीकडून. आत्याबाई. आत्याबाई. यावेळी मी बुढीकडं पाहत होती. तिनं दोन्ही हातानं कान झाकले.

म्हणजे तिलेबी ऐकू येते.

३० जानेवारी, गुरुवार

बुढीनं जेवण सोडलं. शिरपूरचा डॉक्टर येऊन गेला, म्हणे वय आहे. खोलीत झोपत नाही, दिवसा अंगणातच बाज पाहिजे, तोंड गंजीकडं करून. यायले म्हणलं, यावर्षी तरी गंजी दुसरीकडं रचायची होती. हे म्हणे, माय रचू देत नाही. दरसाल तिथंच लागते तिले.

हाका वाढल्या. ओ देता देता माहा घसा बसला.

३ फेब्रुवारी, सोमवार

लिहून ठेवते, नाही तं उद्या मीच म्हणीन का मले भास झाला.

रुचिका रिसोडले शाळेत गेलेली. हे हरभऱ्यात. मी बुढीले पेज पाजून राह्यली होती. तिनं माहं मनगट धरलं. हाडाची पकड, सुटेना.

म्हणे, "विजे, तू तीनदा हाक मारली होती."

"कवा?"

"गंजीपासून. आत्याबाई, आत्याबाई, आत्याबाई. मी चुलीपाशीच होती. आयकू आलं मले. पण आपला अबोला होता नं व. आठ दिवसापासून. तूच आधी तोंड वळवलं. मी म्हणलं, मारू दे हाका, गरज असन तं येईन इथंवर. तुले पान लागलं होतं, मले काय माहीत?"

आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. पहिली पान लागून मेली एवढं मले माहीत होतं. हाका माहीत नव्हत्या.

"चवथ्यांदा मारली असती तं मी आली असती," बुढी म्हणे. "तू चवथ्यांदा काहून नाही मारली?"

पेज वाटीत थंड झाली.

"आता तं हायेस तू. हाक मारली का ओ देतेस. राग नाही नं मनात? माफ केलं म्हण, विजे. एकदा म्हण."

सोपं होतं. केलं म्हणायचं, पेज पाजायची, वाटी धुवून टाकायची. बावीस वर्षं ओ दिली, त्यात हे एक. मी फटकळ आहो, पण मरत्या माणसाले तरसवणारी नाही. तरी माह्यानं होईना. ते माहं नव्हतंच द्यायचं. जिनं हाका मारल्या तिच्यापाशीच ते राह्यलं.

मी म्हणलं, "आत्याबाई, मी ती नाही."

तिनं मनगट सोडलं. माह्या तोंडाकडं पाहलं, जशी दारात आलेल्या परक्या बाईकडं पाहते. म्हणे, "मंग ती कुठं हाये?"

रुचिकानंबी हेच विचारलं होतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हायेस का पाहलं. हायेस का पाहलं. रात्रंदिवस माह्या डोक्यात तेच.

यायले विचारलं, तुमाले माहीत होतं? हे जोडे काढत होते. म्हणे काय? मी म्हणलं, हाका. हे तसेच पुन्हा जोडे घालून वावरात गेले, चहाबी नाही घेतला.

यायनं मले विजयमाला म्हणून एकदाबी हाक मारली नाही. अवं म्हणतात, ऐकलं का म्हणतात. मले वाटे, आळशी माणूस आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

यादी बंद व्हायचा दिवस. फोन लागला तवा रुचिकाच्या आधी मीच बोलली. "तो शब्द राहू द्या."

सुकेशनी म्हणे, "मावशी, तुम्हीच तर काढ म्हणालात!"

"तुमी दर दोन महिन्याले भाषा बदलता. मी एक शब्द बदलला तं काय झालं?"

"आणि त्या विजयमाला मुलीचं काय?"

"तिले सांग, खालची रेघ मार अन् पुढं आडनाव लाव. जित्या माणसापाशी पुढं लावाले काहीतरी असते. मेलेलीपाशी एवढंच आहे."

मंग सुकेशनी म्हणे, ठीक आहे, माझी हरकत नाही. रुचिकानं तोंडाले ओढणी लावली होती.

फोन ठेवल्यावर मी मशीनपाशी बसली. म्हणलं, माहा डबा राह्यला आहे. बोट चालेना. कोणतं अक्षर कुठं असते ते मले आता पाठ आहे, तरी चालेना. चवथीच्या हजेरीत होतं तसं लिहलं. भागिरथा. बरोबर त्रेचाळीस. दाबलं. लाल नाही आलं.

रुचिका मागं उभी होती. तिनं मोठ्यानं वाचलं, "भागिरथा."

माय मेल्यापासून हे नाव कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी मागं वळून पाहलं, कोण आलं म्हणून.

मंग टाक काढला. तो फेकायचा नसतो. धुतला, देव्हाऱ्यात बाकीच्या टाकायसंगं मांडला, कुंकू लावलं. संध्याकाळी जेवतांना घरात सांगून टाकलं. पंधरा तारखेले भाषा शाळेले जाईपर्यंत विजे म्हणलं तं ओ देईन, पण खाली पिवळी पट्टी आहे असं समजायचं. त्यानंतर ओ नाही.

हे म्हणे, "पिवळी पट्टी काय असते?"

रुचिका म्हणे, "बाबा, जेवा. अन् पाळा."

हे थोड्या वेळानं म्हणे, दाखल्याचं मी पाहतो. तिच्या. अन् ताटातच हात धुतला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वाटलं होतं गळा हलका होईन. नाही झाला. टाक होता तिथं रुपयाएवढी जागा थंड आहे. उन्हात बसली, तेल लावलं, तरी तेवढीच जागा थंड.

बुढीच्या प्रत्येक हाकेले ओ देते अन् सांगते, तीन दिवस राह्यले, आत्याबाई. ती म्हणे, कायले? मी म्हणलं, मंग मी माह्या नावानं येईन. ती गंजीकडं पाहत म्हणे, अन् ती?

१५ फेब्रुवारी, शनिवार

रुचिका सकाळच्या एसटीनं रिसोडले गेली. साडेदहाले फोन आला. म्हणे झालं मावशी, दिली शाळेले, एका पोरीनं पहिलाच डबा मांजर नावाचा केला. आता यादी बदलत नाही. मी म्हणलं, बरं, वेळेवर जेव. हे हरभरा सोंगाले गेलेले. घरी मी अन् बुढी.

अकरा-साडेअकरा असतीन. मी वांगे चिरत होती. अंगणातून आलं, विजे.

तोंडात आलेली ओ मी दातात दाबली.

विजे व.

वांग्याच्या फोडी काळ्या पडाले लागल्या. मले ठाऊक होतं मी काय करून राह्यली. तेच, जे तिनं केलं होतं. चुलीपाशी बसायचं, ऐकायचं अन् गप राहायचं. तिले तीन हाका मारू द्यायच्या नाहीत, असं मनात आलं. उठली. पाण्याचा गिलास भरला. म्हणलं जावं अन् तोंडावर सांगावं, आत्याबाई, भागिरथा आली. त्या नावाले ओ नाही, पण माणूस येईन.

मी दारात होती, एक पाय उंबऱ्याच्या बाहेर, तवा तिसरी हाक आली. विजे.

"ओ. आली, आत्याबाई."

गंजीकडून. आवाजात घाई नाही, राग नाही. हातातलं काम ठेवून कोणी उठावं तसा. मी तोंडाले हात लावून पाहला. माहं तोंड मिटलेलं होतं.

बुढी बाजेवर उठून बसली होती. पंधरा दिवसांत बसली नव्हती. गंजीच्या वाटेवर नजर लावून, हळूहळू मान वळवत आणली, कोणी चालत जवळ आल्यासारखी. मंग अंग चोरून सरकली, बाजेवर शेजारी जागा केली. दोऱ्या दबल्या.

मंग तिनं मले पाहलं. गिलासाले पाहलं.

"तू कोण व बाई?"

"भागिरथा."

"पाणी नको मले आता, भागिरथा," म्हणे. "बस. विजी आली."

बाजेवर जागा नव्हती. मी उंबऱ्यावर बसली. पाणी मीच पेलं.